तुरीत हरभरा आणि मामाचा लोखंडी गोळा

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. सीझन फुल्ल, नवी तूर बाजारात धो धो, मिल दोन्ही पाळ्यांत चालू. सकाळी साडेसहाला मुकादमाचा फोन, "भाऊ, जरा लवकर या, थोडं मिक्स झालंय." आता "थोडं मिक्स" हे शब्द दालमिलवाल्याच्या कानाला कसे लागतात ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. तोंडावर पाणी मारलं, गाडी काढली, एमआयडीसीत पोचलो तर गोडाऊनमध्ये थप्पी लागलेली, कट्टे, म्हणजे पोती, शिवून तयार, वर आमचा छापा, आणि पहिल्याच कट्ट्यात हात घातला तर मुठीत तूरडाळ आणि तूरडाळीत हरभरा डाळ. साठ क्विंटल.

ज्यांना वाटतं मशीनला लावलं की झालं त्यांच्यासाठी सांगतो, दोन्ही पिवळ्या. सॉर्टेक्स मशीन रंग बघतं, काळा दाणा उडवतं, लाल दाणा उडवतं, खडा उडवतं, पण पिवळ्यातून पिवळं काय डोंबल उडवणार. चाळणीवर टाकलं तर मोठी हरभरा डाळ वर राहिली खरी, पण तुकडा, ज्याला आम्ही खंडा म्हणतो, तो सगळा खाली एकत्रच. शेवटी बारा बाया लावल्या, सूप घेऊन पाच दिवस निवडत बसल्या, मजुरी गेली, पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची, गाडी उशिरा गेली, आणि वडिलांनी आठ दिवस माझ्याशी हिशेबापुरतंच बोलणं ठेवलं.

झालं होतं ते असं. आमच्याकडे टाक्या सहा आणि त्यांना वर माल चढवायला आणि खालून काढायला बकेट एलिव्हेटर एकच (दुसरा बसवू बसवू म्हणत चार दिवाळ्या गेल्या, असो). दिवसपाळीच्या ऑपरेटरने हरभरा डाळ पाच नंबरात टाकायची होती, पण पाच नंबरची स्लाइड, म्हणजे टाकीच्या बुडाशी जी सरकती पत्र्याची झडप असते ती, अडकली, म्हणून त्याने तीन नंबरात टाकली. जाताना मुकादमाला ओरडून सांगितलं. मिल चालू असताना ओरडून सांगणं म्हणजे काय ते तिथे उभं राहून बघा एकदा, निम्मं ओठांवरून वाचावं लागतं. मुकादमाने रात्रपाळीला सांगितलं "तीन नंबरचं बघ". रात्रपाळीवाल्याने ऐकलं "तीन नंबर काढ". त्याच्या हिशेबाने तीन नंबरात तूरच असते, कायमच असते. त्याने काढली. तिघांपैकी एकाचीही चूक नाही, आणि तिघांना शिव्या मी दिल्या, ती चूक मात्र माझी.

मग मी उपाय करायला लागलो. पहिले फळा लावला. भुशाच्या धुळीत दोन तासांत फळ्यावर काय लिहिलंय ते दिसेना. मग रजिस्टर. महिन्याने उघडून बघितलं तर तीसही दिवसांच्या नोंदी एकाच पेनने, एकाच अक्षरात, आणि एकाच चहाच्या डागाखाली, म्हणजे कधीतरी रविवारी बसून कोणीतरी सगळा महिना लिहून काढला होता. मग व्हॉट्सॲप ग्रुप काढला "मिल पाळी अपडेट" नावाचा, त्यात पहिल्या आठवड्यात टाक्यांचे फोटो आले आणि दुसऱ्या आठवड्यापासून गुड मॉर्निंग, गजानन महाराज आणि कोणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस. शेवटी कुरिअरवाल्यांचं बघून मी बारकोडच्या नादी लागलो, स्कॅनर मागवला, पंधरा दिवसांत तो धुळीने आंधळा झाला. पैसे गेले ते सांगत नाही, वडील हा ब्लॉग वाचतात.

या सगळ्यात एक गोष्ट मला कळलीच नव्हती, की मी जिथे जिथे विचारत होतो ते सगळे दालमिलवालेच होते. आमच्या धंद्यातल्या दहा जणांना विचारलं आणि दहाही जण म्हणले, "होतं भो असं, आमच्याकडेही होतं, माणसं सांभाळायची." म्हणजे ज्यांच्याकडे तोच आजार, त्यांच्याकडेच मी औषध मागत होतो.

औषध सापडलं भरीत पार्टीत. जळगावकडच्यांना सांगायला नको, थंडीत कोणाच्या तरी मळ्यात पार्टी ठरते, तुराट्यांच्या जाळावर हिरवी-पांढरी मोठाली वांगी भाजायची, साल काढायचं, ठेचायचं, मिरची-लसूण-दाणे-कांद्याची पात, केळीच्या पानावर कळण्याच्या पुऱ्या. त्या दिवशी वांगी सोलायच्या कामाला मी आणि माझे मामा. मामा अमळनेरकडचे, रेल्वेत पॉइंट्समन होते, सुरत लाइनीवर, तेव्हा ती सिंगल लाइन होती, बारक्या स्टेशनांवर आयुष्य गेलं. मी वांग्याची सालं काढता काढता माझं रडगाणं चालू केलं, एलिव्हेटर, स्लाइड, तीन नंबर, पाच नंबर, खंडा, सॉर्टेक्स. मामा मध्येच अहिराणीत म्हणले, "माले हाई काय समजत नही. सरळ सांग."

आता मामाला सरळ सांगायचं म्हणजे मिलचे सगळे शब्द काढून टाकून सांगायला लागलं. मी म्हणलं, "मामा, समजा रस्ता एकच आहे. माल दोन-तीन ठिकाणांहून येतो. एका वेळी एकानेच जायचं. पण आत कोण घुसलाय ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि जो सांगणारा असतो तो घरी गेलेला असतो."

मामांनी वांगं खाली ठेवलं. "अरे भाचा, हाई ते आम्हनं सिंगल लाइननं लफडं शे!"

आणि मग मामांनी गोळ्याची गोष्ट सांगितली. गोळा म्हणजे टोकन. दोन स्टेशनांच्या मध्ये एकच रूळ, दोन्ही स्टेशनांत एकेक मशीन, ती मशीनं तारेने एकमेकांना जोडलेली, आणि त्यांच्यात लोखंडी गोळे. एका मशीनमधून एक गोळा बाहेर आला की तो परत कुठल्यातरी एका मशीनमध्ये पडेपर्यंत दुसरा गोळा दोन्हीकडून निघतच नाही. तो गोळा कातडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला, ती रिंग ड्रायव्हरच्या हातात. गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली, ड्रायव्हर ती वाचणार मगच निघणार. स्टेशन मास्तर समोर उभा राहून हात जोडून म्हणाला जा, तरी गोळा नसेल तर गाडी जात नाही. "तोंडना शब्दवर गाडी सोडतस का कोनी?" मामा म्हणले.

तोंडच्या शब्दावर. मी इतके दिवस दुसरं काय करत होतो? मिलच तोंडच्या शब्दावर चालली होती.

घरी येऊन मी या गोळ्याच्या मागे लागलो, रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसलो. तर इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प म्हणून ठिकाण आहे, तिथे १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री सिंगल लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, २५ माणसं गेली. कारण काय तर तारेच्या निरोपाचा घोळ. एका गाडीला पुढे सोडायची परवानगी देणारा संदेश सहीशिवायच पुढे गेला, आणि इकडून दुसरी गाडी निघून गेलेली. म्हणजे बघा, तार होती, माणसं होती, नियमही होते, आणि तरी "तीन नंबरचं बघ" झालंच. त्यानंतर एडवर्ड टायर नावाच्या माणसाने १८७८ मध्ये विजेवर चालणारी टॅब्लेटची, म्हणजे ड्रायव्हरच्या हातात द्यायच्या चकतीची, पद्धत आणली, तिच्यात निरोपाच्या जागी वस्तू आली. निरोप अर्धवट ऐकू येऊ शकतो, वस्तू अर्धवट हातात येत नाही. मामाचा गोळा हा त्याच खानदानातला.

हे वाचताना आनंद झाला तसा थोडा रागही आला. कारण मी लहानपणी सुट्टीत मामाकडे जायचो तेव्हा ती रिंग स्वतःच्या हातात घेऊन खेळलोय. पळत्या इंजिनातून ड्रायव्हर हात बाहेर काढून रिंग कशी दंडात अडकवून घेतो ते शंभर वेळा बघितलंय. मग मला आधी का नाही सुचलं?

याच्यावर एक प्रयोग आहे, मानसशास्त्रवाल्यांमध्ये फार प्रसिद्ध, गिक आणि होलिओक या दोघांचा, १९८० च्या सुमाराचा. त्यांनी लोकांना एक कोडं घातलं. पोटात गाठ आहे, ऑपरेशन करता येत नाही, किरणांनी जाळता येईल, पण जोरदार किरण सोडले तर वाटेतलं चांगलं मांसही जळेल, आणि हलके सोडले तर गाठीला काही होणार नाही, काय कराल? उत्तर असं की हलके किरण चारी बाजूंनी सोडायचे, सगळे गाठीवर एकत्र येतील असे. आपलं आपण हे साधारण दहातल्या एकाला सुचायचं. मग काही लोकांना कोडं घालायच्या आधी एक गोष्ट वाचायला दिली, एका सेनापतीला किल्ला घ्यायचाय, सगळ्या रस्त्यांत सुरुंग पेरलेत, मोठी फौज एका रस्त्याने नेली तर उडेल, म्हणून तो छोट्या छोट्या तुकड्या सगळ्या रस्त्यांनी पाठवतो आणि किल्ल्यापाशी एकत्र आणतो. तीच गोष्ट ना? पण ही वाचूनही कोडं सुटलं ते साधारण ३० टक्क्यांनाच. आणि जेव्हा सांगितलं की बाबा ती मघाची गोष्ट इथे वापरून बघ, तेव्हा आकडा एकदम ७५ च्या आसपास गेला. म्हणजे उत्तर डोक्यात पडलेलं असतं, पण त्याच्यावर चिठ्ठी "किल्ला" अशी लावलेली असते, आणि आपण शोधतो "गाठ" नावाच्या कप्प्यात. माझ्या डोक्यात ती रिंग "मामाचं गाव, सुट्टी, कैऱ्या" या कप्प्यात पडून होती. दालमिलच्या कप्प्यात ती कशाला येईल.

म्हणून मला आता ते "वेगळा विचार करा, चौकटीबाहेर पडा" वगैरे ऐकलं की हसू येतं. चौकटीबाहेर पडून जायचं कुठे ते कोणी सांगत नाही. माझ्या अनुभवाने तरी एकच काम करण्यासारखं आहे, आपल्या अडचणीतले धंद्याचे शब्द एकेक करून काढायचे, इतके की मामालाही कळेल, आणि मग ती वेगळ्या धंद्यातल्या माणसासमोर बोलायची. बाकीचं तो करतो. तो म्हणतो, "हे तर आमच्याकडचंच."

याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे अलास्काच्या तेलाचं. १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ नावाचं तेलाचं जहाज तिथे फुटलं, समुद्रभर तेल. नंतर कित्येक वर्षं तिथल्या लोकांपुढे एक डोकेदुखी होती, थंडीत गोळा केलेलं तेल आणि पाणी बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर, इतकं घट्ट होऊन बसायचं की पंपाने ओढताच येईना. तेलातल्या तज्ज्ञांनी डोकी फोडून घेतली. तिथल्या ऑइल स्पिल रिकव्हरी इन्स्टिट्यूटने मग २००७ मध्ये इनोसेंटिव्ह नावाच्या वेबसाइटवर तो प्रश्न जगासमोर टाकला, बक्षीस २० हजार डॉलर. ते मिळालं जॉन डेव्हिस नावाच्या इलिनॉयच्या एका केमिस्टला, ज्याचा तेलाच्या धंद्याशी काही संबंध नव्हता. त्याने कधीतरी मित्राच्या घरी काँक्रीट ओतायच्या कामात हात लावलेला, आणि तिथे व्हायब्रेटर बघितलेला.

व्हायब्रेटर आपल्याकडे कोणाला माहीत नाही सांगा. स्लॅब भरायच्या दिवशी सकाळपासून जो घर्रर्र आवाज चालतो, एक पोरगा खांद्यावर ती लवचिक नळी घेऊन फिरत असतो, नळीचं टोक घट्ट मालात खुपसलं की माल थरथरतो आणि पाण्यासारखा पसरतो, सळ्यांच्या खाली-वर जाऊन बसतो, नळी काढली की परत गप्प. डेव्हिस म्हणाला तेलालाही हेच करा, ढवळत ठेवा, थरथरवत ठेवा, म्हणजे जमणार नाही. झालं. आपल्या गल्लीतल्या स्लॅबवर जो पोरगा ते मशीन धरून उभा असतो त्याला कोणी "घट्ट झालेला माल पंपाने निघत नाही" एवढंच विचारलं असतं, तर त्यानेही तेच सांगितलं असतं की. पण त्याला विचारतं कोण, आणि मराठीत तर कोणीच विचारलं नसतं.

बरं, आता मिलकडे येतो, कारण लोकांना वाटतं की मामाने गोळा सांगितला आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न सुटला. खरी मारामारी तिथून पुढे सुरू झाली, पुरे सहा महिने.

पहिला प्रयत्न, पितळी बिल्ला. ठठेऱ्याकडून करून आणला, सुबक, वर मिलचं नाव. नियम असा की ज्याच्या हातात बिल्ला त्यानेच एलिव्हेटर चालवायचा. चौथ्या दिवशी दिवसपाळीचा ऑपरेटर बिल्ला खिशात घालून शिरसोलीला घरी गेला. फोन लागेना. रात्रपाळी दीड तास बसून राहिली आणि मग "भाऊ काय तेवढ्यासाठी मिल बंद ठेवता का" म्हणत त्यांनी चालू केली. नियम मेला. मग मी सोय म्हणून दुसरा बिल्ला करून ठेवला, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, अडीअडचणीला. मामांना फोनवर हे मोठ्या हुशारीने सांगितलं तर मामा तिकडून इतके जोरात ओरडले की मामी घाबरून बाहेर आल्या. "दोन गोया? मंग मरा!"

दोन गोळे म्हणजे मरणच, बरोबर होतं त्यांचं. मी वरवरची वस्तू उचलली होती, तिच्यातला जीव उचललाच नव्हता. टोकनचा जीव दोन गोष्टींत, एक म्हणजे दुसरं निघत नाही, आणि दुसरी म्हणजे त्याच्याशिवाय काम होतच नाही. माझ्या बिल्ल्याशिवाय काम मस्त होत होतं.

मग रिंग आली. रेल्वेची रिंग मोठी असायची ती पळत्या गाडीतून उचलता यावी म्हणून, आमच्याकडे काही पळत नाही, पण माझ्या लक्षात आलं की एवढी मोठी वस्तू खिशात घालून शिरसोलीला नेता येत नाही! भाचीची जुनी सायकल भंगारात द्यायची होती, तिच्या चाकाची रिंग काढली, लाल रंग मारला. आमच्याकडे एक फॅब्रिकेशनवाला येतो, गेट-ग्रिलची कामं करणारा, त्याने रिंगला एक लोखंडी जीभ वेल्ड केली आणि सहाही स्लाइडवर एकेक खाच बसवली. जीभ खाचेत घातल्याशिवाय स्लाइड सरकत नाही, आणि स्लाइड उघडी असेपर्यंत जीभ निघत नाही. म्हणजे एका वेळी एकच टाकी. पहिल्या वेळी खाच ढिली झाली, स्क्रूड्रायव्हरने उघडायला लागली, दुसऱ्या वेळी इतकी घट्ट की हातोडा लागायचा, तिसऱ्या वेळी जमलं. त्या माणसाने पैसे दोनदाच घेतले, हे आवर्जून लिहितो.

पण तरी एक भोक राहिलं होतं. रिंगमुळे एका वेळी एकच टाकी उघडणार हे ठीक, पण त्या टाकीत काय आहे हे कसं कळणार? रेल्वेच्या गोळ्यावर नाव कोरलेलं असतं, आमच्या टाकीत आज तूर तर उद्या उडीद. मी परत लेबलं, स्टिकर, रंगीत खडू असलं काहीतरी करायला निघालो होतो. तेव्हा आमचा मुकादम म्हणाला, "भाऊ, वानगी बांधा ना."

वानगी म्हणजे नमुना. बाजार समितीत शंभर वर्षं तेच चालतं, कट्टाभर माल कोणी दाखवत नाही, मूठभर वानगी हातावर घेतात, तिच्यावर सौदा होतो. मुकादम तरुणपणी मार्केट यार्डात हमाली करायचा. त्याचं म्हणणं, जो टाकी भरेल त्याने त्याच मालाची मूठभर वानगी एका पारदर्शक बाटलीत भरून टाकीला अडकवायची. जो टाकी काढेल त्याने ती बाटली काढून रिंगला अडकवायची. आणि खाली कट्टे भरणाऱ्याने पहिल्या कट्ट्याला शिलाई मारायच्या आधी बाटलीतली डाळ आणि कट्ट्यातली डाळ शेजारी धरून बघायची. वाचायचं काही नाही, लिहायचं काही नाही, धुळीत पण दिसतं, अंगठेबहाद्दरालाही दिसतं. बाटल्या म्हणजे पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या, फुकट. मी इंजिनीअर, स्कॅनर मागवून बसलो होतो, आणि हे त्याने विडी विझवता विझवता सांगितलं.

तर आमच्या मिलमध्ये आता जे लटकतंय ते निम्मं रेल्वे, निम्मं मार्केट यार्ड, आणि थोडी भाचीची सायकल.

त्यानंतर मला असल्या उसनवारीच्या गोष्टी गोळा करायचा नाद लागला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलची गोष्ट तर आमचीच वाटते. लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं की बाळाला थिएटरमधून आयसीयूत न्यायचं, त्या दहा मिनिटांत नळ्या, पंप, व्हेंटिलेटर सगळं काढून दुसरीकडे लावायचं आणि माहितीही सांगायची, म्हणजे पाळी बदलायचीच वेळ, आणि सगळे एकदम बोलणार. तिथले मार्टिन एलियट आणि ॲलन गोल्डमन हे डॉक्टर दमून टीव्हीवर फॉर्म्युला वनची रेस बघत बसले होते, गाडी पिटमध्ये आली, चाकं बदलली, गेली, आणि त्यांना वाटलं हे तर आमचंच काम. थेट फेरारीच्या लोकांकडे गेले. लोकांना वाटतं तिथून ते घाई शिकून आले. तसं नाही, फेरारीवाल्यांनी यांचा व्हिडिओ बघून सांगितलं की तुमच्यात प्रमुख कोण आहे ते कळतच नाहीये. पिटमध्ये तेव्हा एक माणूस फळी धरून उभा असायचा, तो हो म्हणेपर्यंत गाडी हलायची नाही. हॉस्पिटलने मग ठरवलं, प्रमुख कोण, कोणी काय आधी करायचं, आणि बोलायची वेळ वेगळी. २००७ मध्ये त्यांनी छापलेल्या आकड्यांत एका हस्तांतरातल्या तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या. शून्य नाही झाल्या हे मला जास्त खरं वाटतं.

आणि जयपूर फूट. मास्टरजी रामचंद्र शर्मा हे कारागीर, डॉ. प्रमोद करण सेठींबरोबर कृत्रिम पायावर काम करायचे. परदेशी पाय बूट घातल्याशिवाय चालत नव्हते, मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं. असं सांगतात की सायकल पंक्चर झाली म्हणून शर्मा रस्त्याकडेच्या दुकानात थांबले आणि तिथे ट्रकच्या टायरवर रबर चढवणं चाललं होतं. पाऊल रबराचं का नको? १९६८ पासून तो पाय लोकांच्या पायात आहे, चिखलात चालतो, झाडावर चढतो. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे मिळालं. रबर चढवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, हे मला नेहमी खटकतं.

आपल्या इथे केळीच्या बागेत ड्रिपची नळी बघून मोठे झालो आपण, ती तरी कुठली? इस्रायलच्या सिम्खा ब्लासने गळक्या पाइपाजवळचं झाड बाकीच्यांपेक्षा मोठं झालेलं बघितलं होतं, पण ड्रिपची कंपनी निघाली १९६५ मध्ये, मध्ये कित्येक वर्षं गेली, कारण स्वस्त प्लास्टिकची नळी यायची होती, आणि ती शेतीवाल्यांनी नाही बनवली. आमच्या जळगावच्या जैन इरिगेशनवाल्या भवरलाल जैनांनी १९७८ मध्ये केळीच्या पावडरीचा जुना कारखाना लिलावात घेतला आणि त्यात काढलं काय तर पपईच्या चिकातून पपेन. मग पाइप, मग ड्रिप. जळगावात हे सगळ्यांना पाठ आहे, पण "केळीची मशीनं आणि पपईचा चीक" यातली गंमत कोणी सांगत नाही.

सगळ्यात आवडती मात्र ऑएनब्रुगर डॉक्टरची. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या खानावळवाल्याचा मुलगा. दारूच्या पिंपात किती माल उरलाय ते बोटांनी ठोकून ओळखायचं हे घरचंच शिक्षण, म्हणे. डॉक्टर झाल्यावर तो पेशंटच्या छातीवर ठोकायला लागला, पोकळ आवाज म्हणजे हवा, बद्द आवाज म्हणजे पाणी. १७६१ मध्ये पुस्तक काढलं, फारसं कोणी लक्षच दिलं नाही, नेपोलियनच्या डॉक्टरने १८०८ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे जगाला कळलं. ४७ वर्षं! तापीकाठच्या वाडीत टरबुजावर टिचकी मारून आतलं सांगणारी म्हातारी त्याला भेटली असती तर तेवढाच आधार वाटला असता बिचाऱ्याला. माझे सहा महिने त्यापुढे काहीच नाहीत.

तर गेल्या महिन्यात एका इंजिनीअरिंग कॉलेजने मला "नवोपक्रम" वर बोलायला बोलावलं. हॉलमध्ये मागे बल्बचं मोठं चित्र. मी म्हणलं स्लाइडशो नको, मी खरी वस्तू आणतो, आणि सकाळी मिलमधून रिंग उचलली, बाटलीसकट, गाडीच्या डिकीत टाकली. भाषण मस्त झालं. गोळ्याची गोष्ट, थॉर्प, व्हायब्रेटर, मामांचं "दोन गोया? मंग मरा" याला तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी पोरांनी रिंग गळ्यात घालून फोटो काढले. चहा, नारळ, शाल. मोबाइल सायलेंटवर होता.

पार्किंगमध्ये येऊन बघतो तर मिलमधून सतरा मिस कॉल. लावला. ऑपरेटर तिकडून एकदम शांत, "भाऊ, उडीद टाकीत आहे, गाडी काट्यावर उभी आहे, दोन तास झाले, रिंग सापडत नाही."

मी म्हणलं, "अरे मग स्क्रूड्रायव्हर घालून उघड ना येड्या, मी सांगतो ना! चार नंबरमध्ये उडीदच आहे, माझ्यासमोर भरला."

तो जरा वेळ काही बोललाच नाही. मागून मुकादमाचा आवाज आला, "त्यांना म्हणा, तोंडी चालत नाही."

मी डिकी उघडून खात्री केली, रिंग होती, आणि कॉलेजपासून एमआयडीसीपर्यंत पाऊण तास लागतो.